खोलीत जागे किती तास असणार, ते आधी सांगा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे: या वर्षी घरात चार प्रसंग आहेत. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत, त्यांना एक रात्र मुंबईत चांगल्या हॉटेलात न्यायचं आहे. पुतणीचं लग्न कोल्हापुरात आहे आणि पाहुण्यांच्या राहण्याचं काम यांच्या गळ्यात पडलं आहे. मुलाची प्रवेश परीक्षा पुण्यात आहे. आणि पैसे उरले तर चौघांनी गोवा. यजमानांचं मत, "डोळे मिटल्यावर पंचतारांकित काय नि लॉज काय!" ताईंचं मत, एकदा तरी हात सैल सोडावा. कुठे सोडायचा आणि कुठे आवळायचा?

ताई, तुमचे यजमान अर्धे बरोबर आहेत. डोळे मिटल्यावर खरंच फारसा फरक पडत नाही. पण डोळे मिटायच्या आधी आणि उघडल्यावर काय होतं, ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. माझी सुरुवात दादर स्टेशनजवळच्या बावीस खोल्यांच्या लॉजच्या काउंटरवर झाली. पुढे चौदा वर्षं एका पंचतारांकित हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. आता पुण्यात बसून लोकांच्या सहलींची आणि लग्नाच्या वऱ्हाडांची सोय लावतो.

लॉजवरची एक रात्र सांगतो. अडीच वाजता वरच्या टाकीतलं पाणी संपलं. पहाटेच्या गाडीला जाणारे एक गृहस्थ अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत पंचा गुंडाळून खाली आले. ड्युटीवर मी एकटा आणि जिन्याखाली झोपलेला एक पोऱ्या. पंपाची किल्ली मालकाकडे, मालक विरारला. शेवटी आम्ही दोघांनी शेजारच्या इमारतीच्या नळावरून दोन बादल्या वर नेल्या. गृहस्थ जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पुढे मोठ्या हॉटेलात साधारण त्याच वेळी एका खोलीचं छत गळायला लागलं. ड्युटी मॅनेजर, इंजिनिअरिंगचा माणूस आणि हाउसकीपिंगची मुलगी, तिघं पाच मिनिटांत वर. पंधराव्या मिनिटाला पाहुणे दुसऱ्या खोलीत, सामानासकट. त्यांचा भिजलेला कोट सकाळी इस्त्री होऊन दारावर टांगलेला. गडबड दोन्हीकडे झाली. महागड्या हॉटेलात काही बिघडत नाही असं मुळीच नाही. तिथे रात्री अडीचला जागी असलेली माणसं असतात, आणि भाड्यातला मोठा वाटा त्यांचा असतो. झुंबर, लॉबीतला सुगंध, मऊ चपला हा वरचा भाग.

म्हणून मी कोणालाही दोनच गोष्टी विचारतो. खोलीत जागे किती तास असणार? आणि काही बिघडलं तर ते निभावून नेता येईल अशी माणसं बरोबर आहेत का? दिवसभर बाहेर फिरणारी धडधाकट माणसं असतील तर स्वच्छ, साधी खोली पुरे. खोलीतच दिवस जाणार असेल किंवा बरोबरच्या कोणाला एक वाईट रात्र झेपणार नसेल, तर पैसे तिथे घाला. प्रसंग लग्नाचा की वाढदिवसाचा, हे नंतर.

आता तुमच्या आईबाबांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मुलं प्रेमापोटी सगळ्यात देखणं हॉटेल निवडतात आणि आईबाबा तिथे रात्रभर अवघडून बसतात. मी स्वतः हे केलं आहे. सासू-सासऱ्यांना एका जुन्या वाड्याच्या हॉटेलात ठेवलं होतं. लाकडी कोरीवकाम, मधला चौक, सगळं सुंदर. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना असा उभा की सासूबाई एकदा वर गेल्या त्या दुसऱ्या दिवशी निघतानाच खाली उतरल्या. चौकातलं सतारवादन त्यांनी खिडकीतून ऐकलं. चौदा वर्षांचा अनुभव असलेला जावई लिफ्ट आहे का हे विचारायला विसरला.

तेव्हा पहिला प्रश्न लिफ्टचा, दुसरा बाथरूमचा. जुन्या आलिशान हॉटेलांत बऱ्याच खोल्यांमध्ये शॉवर बाथटबच्या आत असतो. तुमच्या-माझ्यासाठी ती चैन. पंच्याहत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तो दीड-दोन फुटांचा गुळगुळीत कठडा आहे, तोही ओल्या पायांनी ओलांडायचा. बुकिंग करतानाच सांगा: टब नको, जमिनीच्या पातळीचा शॉवर हवा, भिंतीला धरायला दांडा हवा, बसून अंघोळीसाठी स्टूल हवं. आपल्याकडे हॉटेलांना तारे देण्याचं काम केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती करते, आणि तिच्या नियमांत दिव्यांग पाहुण्यांसाठी वेगळी सोय असलेली खोली अपेक्षित आहे. ती अनेकदा रिकामी असते आणि मागितली तर मिळते. दिसायला जराशी दवाखान्यासारखी वाटते म्हणून मुलं नाक मुरडतात. मुरडू नका. बाबा त्यात बिनधास्त अंघोळ करतील.

बुकिंगच्या ॲपवर हॉटेलच्या नावाखाली जे तारे दिसतात, ते या समितीचेच असतील असं समजू नका. समितीकडून वर्गीकरण करून घेणं ऐच्छिक आहे, आणि एकदा मिळालेले तारे पाच वर्षं चालतात. पाचव्या वर्षीच्या गादीवर झोपलेल्या माणसाला मधल्या काळात काय झालं ते पाठीला कळतं.

गादीवरून आठवलं. मोठ्या हॉटेलांच्या गाद्या मऊ असतात, आणि आयुष्यभर कापसाच्या गादीवर झोपलेल्या माणसाची पाठ त्यावर दुखते. हाउसकीपिंगला सांगितलं तर खाली घालायला फळी किंवा कडक गादी देतात. कमी उंचीची उशीही देतात. फक्त रात्री अकराला न सांगता दुपारी खोलीत शिरल्या शिरल्या सांगावं.

मुंबईत नेताय म्हणजे ताजचा विचार मनात असणार. गेटवेसमोरचं ताज १९०३ साली सुरू झालं, म्हणजे गेटवेच्याही आधीपासून ते तिथे आहे. त्याचा उंच टॉवर १९७३ चा. लोकांच्या डोळ्यासमोर असतो तो घुमटाचा जुना भाग, तिथल्या खोल्या साधारणपणे टॉवरपेक्षा महाग, आणि समुद्राकडच्या त्याहून महाग. सगळ्यात स्वस्त खोली घेऊन फोटोतल्या खोलीची अपेक्षा करायची, असं होतं. त्यापेक्षा एक तडजोड सुचवतो, माझ्या अनेक गिऱ्हाइकांना ती आवडली आहे. राहायला जवळपासचं लिफ्ट असलेलं, स्वच्छ, साधं हॉटेल घ्या आणि दुपारचा चहा ताजच्या सी लाउंजमध्ये. खिडकीजवळची जागा आधी सांगून ठेवा. समोर गेटवे, होड्या, कबुतरं. आईबाबांना आठवतं ते हे दृश्य. रात्री आठ वाजता गोळ्या घेऊन झोपणाऱ्या माणसाला त्याच छपराखालचा पलंग हवाच असं नाही.

पण राहायचंच असेल, तर पूर्ण राहा. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोन किंवा तीनला, चेक-आउट अकरा किंवा बाराला. म्हणजे "एक दिवस" म्हणून पैसे भरता ते वीस-बावीस तासांचे. लोक दोनला सामान टाकतात, राणीची बाग, सिद्धिविनायक, मरीन ड्राइव्ह करून रात्री दहाला दमून परत येतात, सकाळी घाईघाईने बुफे उरकतात आणि निघतात. हे सगळं करायचं होतं तर यजमानांचं ऐकून लॉज घ्यायचा होता. मोठं हॉटेल घेतलंत त्या दिवशी मुंबई बघायची नाही, हॉटेल बघायचं. मुंबई आदल्या दिवशी बघा आणि ती रात्र साध्या खोलीत काढा. चांगली रात्र शेवटी ठेवावी. आधी ठेवली की पुढच्या साध्या खोलीत शिरताना सगळ्यांची तोंडं उतरतात.

बुकिंग करताना पन्नासाव्या वाढदिवसाचं, म्हणजे लग्नाच्या, सांगून ठेवा. ॲपवरच्या "विशेष विनंती"च्या रकान्यात लिहून थांबू नका, आदल्या दिवशी फोन करा. रोज सकाळी आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची यादी वाचली जायची, आणि "पन्नास वर्षं" असा शेरा दिसला की कोणी ना कोणी केक, फुलं, शक्य झाल्यास वरच्या मजल्यावरची खोली असं काहीतरी करायचंच. हक्क म्हणून मागू नका, माहिती म्हणून द्या. फरक पडतो.

आता कर, कारण इथे हजारएक रुपये उगाच जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ७५०० ची खोली करासह ७८७५ ला पडते आणि ७६०० ची पडते ८९६८ ला. भाड्यात शंभराचा फरक, बिलात १०९३ चा. साडेसात हजारांच्या जरा वरची खोली दिसली तर हॉटेलला सरळ फोन करा आणि विचारा, भाडं साडेसातच्या आत बसेल का. बऱ्याचदा बसतं, कारण रिकाम्या खोलीपेक्षा त्यांनाही ते बरं. आणि ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ही मर्यादा ओलांडतं, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावरही ५ ऐवजी १८ टक्के लागतात. चौघांचं जेवण बाहेरच्या चांगल्या खाणावळीत केलंत तर करातच आइस्क्रीम सुटतं. सर्व्हिस चार्ज मात्र कर नव्हे, तो बळजबरीने घेता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तसा निकाल दिला आहे. सेवा आवडली तर द्या, नाहीतर काढायला सांगा.

कोल्हापूरचं लग्न. इथे मात्र यजमानांना पूर्ण गुण. वऱ्हाडाला आलिशान हॉटेल म्हणजे पैसे पाण्यात. पाहुणे दिवसभर कार्यालयात, संध्याकाळी अंबाबाईचं दर्शन, रात्री रंकाळ्यावर भेळ, मग एका खोलीत अकरा जण गप्पा मारत बसणार. खोलीचं काम फक्त दोन: रात्री पाठ टेकायला आणि सकाळी तयार व्हायला. त्यातलं दुसरं काम अवघड आहे.

मुहूर्त सकाळचा असेल तर पहाटे पाच ते सात या वेळात चाळीस माणसं एकदम अंघोळ करणार. बजेट हॉटेलात गरम पाणी एकतर गच्चीवरच्या सोलरचं, नाहीतर ठरावीक वेळेत चालू होणाऱ्या बॉयलरचं. पहिल्या पंधरा बादल्यांनंतर सोलरची टाकी थंड पडते, आणि सोळाव्या बादलीला नेमकी मुलाकडची मावशी असते. म्हणून हॉटेल ठरवताना एसीबद्दल कमी आणि गरम पाण्याबद्दल जास्त विचारा. प्रत्येक खोलीत स्वतंत्र गिझर आहे का? पहाटे चारला चालू करता येतो का? वीज गेली तर जनरेटरवर गिझर चालतो का, की नुसते दिवे आणि पंखे? तिसऱ्या प्रश्नाला काउंटरवरचा मुलगा थोडा थांबला तर उत्तर "नाही" आहे.

खोल्या एकाच हॉटेलात घ्या, कार्यालयापासून चालत जाता येईल अशा. थोडं महाग पडलं तरी चालेल, कारण रिक्षा आणि गाड्यांचे फेरे वाचतात. नऊवारी नेसवायला जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत दोन पलंग असले की नेसवणारी बाई पलंगावर उभी राहते. तेव्हा एक मोठी खोली, मोठ्या आरशाची, फक्त नटण्यासाठी घ्या आणि त्यात कोणाला झोपवू नका. हा खर्च मी प्रत्येक लग्नात करायला लावतो आणि प्रत्येक घर आधी कुरकुरतं.

दहापेक्षा जास्त खोल्या घेत असाल तर भाव ठरवताना रुपये कमी करण्यापेक्षा सोयी मागा: एक खोली मोफत, पहाटे चारला चहा, लग्नाच्या दिवशी चेक-आउट संध्याकाळपर्यंत. शेवटची सगळ्यात मोलाची. बारा वाजता अक्षता पडताहेत आणि हॉटेलवाला खोल्या रिकाम्या करा म्हणून फोन करतोय, हा प्रसंग टळतो. कोणत्या खोलीत कोण याची यादी करा, ती तुमच्याकडे न ठेवता घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या मुलाकडे द्या. ज्येष्ठांना पहिला मजला, तरुणांना वरचा, आणि ज्यांचं आपसात पटत नाही त्यांना वेगवेगळे मजले. परदेशातून कोणी येणार असेल आणि पासपोर्ट परदेशी असेल, तर आधी विचारून घ्या: हॉटेलला अशा पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते, आणि काही लहान लॉज ती कटकट नको म्हणून अशा पाहुण्याला घेतच नाहीत. अमेरिकेतला सख्खा भाचा रात्री अकराला बॅगा घेऊन रस्त्यावर उभा राहिलेला मी पाहिला आहे.

मुलाच्या परीक्षेबद्दल थोडक्यात. महाग नको, जवळ आणि शांत हवं. डॉर्मिटरी नको, तिथे कोणीतरी रात्री एकला बॅगेची चेन उघडतंच. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा, केंद्र चालत जाऊन बघून या. खोली मागच्या बाजूची मागा, लिफ्टला लागून नको, स्वयंपाकघरावर नको. आणि एक प्रश्न कोणी विचारत नाही तो विचारा: हॉटेलला लागून मंगल कार्यालय किंवा लॉन आहे का, आणि त्या तारखेला तिथे लग्न आहे का? पुण्यात लग्नसराईत हा प्रश्न अभ्यासाइतकाच महत्त्वाचा. हॉटेलचा नाश्ता बहुधा साडेसातनंतर. सातला निघायचं असेल तर आदल्या रात्री सांगून डबा घ्या, नाहीतर केळी आणि घरचे लाडू. पुण्यातच आयटी कंपन्यांच्या भागात, हिंजवडी किंवा खराडीत केंद्र आलं असेल आणि परीक्षा रविवारी असेल, तर तिथली चांगली बिझनेस हॉटेलं शनिवार-रविवारी बऱ्याचदा आठवड्यातल्या दिवसांपेक्षा स्वस्त असतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक सोमवारी येतं. लोणावळा, महाबळेश्वरचं नेमकं उलट.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक प्रसंग सगळ्यांवर कधी ना कधी येतो, म्हणून सांगतो: दवाखान्यासाठी मुंबईत राहणं. यात सगळ्यात महाग चूक म्हणजे घाबरून पहिल्या दिवशी महागडं हॉटेल घेणं. उपचार आठवड्यांचे असतात, भाडं रोजचं. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. रुग्णालयाचे कागद लागतात आणि जागा लगेच मिळेलच असं नाही, पण पहिली चौकशी तिथे करावी, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडेही करावी. नाही जमलं तर स्वयंपाकाची सोय असलेली खोली शोधा. केमोनंतर हॉटेलचं जेवण घशाखाली उतरत नाही. घरचा मऊ भात शिजवता आला तर त्याची किंमत कुठल्याही ताऱ्यांपेक्षा जास्त.

देवस्थानांचंही तसंच. शेगावला संस्थानचं भक्तनिवास सोडून बाहेर मोठं हॉटेल शोधणारे लोक भेटतात तेव्हा मला नवल वाटतं. तिथल्या स्वच्छतेकडून मी ज्या हॉटेलात काम केलं त्यानेही शिकावं.

गोवा. डिसेंबरात, विशेषतः २० तारखेपासून २ जानेवारीपर्यंत, गोव्यात बजेट हॉटेलही बजेट राहत नाही. एरवी दीड-दोन हजारांना मिळणारी खोली तिप्पट होते आणि गादी तीच राहते. मोठी रिसॉर्ट त्यावर आणखी २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचं सक्तीचं जेवण लावतात, ते भाड्यात धरलेलं नसतं. त्या दिवसांत जायचंच असेल तर मी म्हणेन पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या आसपास एखादं साधं, जुन्या घरातलं गेस्ट हाउस बघा, किनाऱ्यावर दिवसा जा. तुम्ही चौघं दिवसभर बाहेरच असणार, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर उघड आहे.

पण जुलै-ऑगस्टात गेलात तर माझा सल्ला पूर्ण फिरतो. पावसात समुद्रात उतरता येत नाही, किनाऱ्यावरचे शॅक काढून टाकलेले असतात, स्कूटरवर फिरायचं म्हणजे रेनकोटात घाम गाळायचा. दिवसाचे दहा-बारा तास खोलीत, व्हरांड्यात आणि जेवणाच्या टेबलावर जाणार. अशा वेळी स्वस्त खोली म्हणजे शिक्षा: भिंतीला ओल, चादरींना कोंदट वास, खिडकीबाहेर पत्र्यावर आपटणारा पाऊस. आणि नेमकं याच काळात मोठ्या रिसॉर्टचे भाव चांगलेच उतरलेले असतात. चांगला व्हरांडा, झाकलेला पोहण्याचा तलाव, मुलांना खेळायची जागा आणि तिन्ही जेवणं धरून मिळणारं पॅकेज बघा. महाबळेश्वरला पावसाळ्यात जाणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. तिथे तर धुकं खोलीत येऊन बसतं. जेवणाच्या पॅकेजमध्ये हॉटेलवाले अक्षरं सांगतात: ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळं. दिवसभर बाहेर फिरणार असाल तर एपी घेऊन दुपारच्या जेवणासाठी हॉटेलवर परत धावू नका, सहलीचा अर्धा दिवस त्यातच जातो.

माझं एक ठाम मत आहे, पटलं तर घ्या. पैसे सगळ्यात जास्त फसतात ते मधल्या हॉटेलात. लॉबीत कारंजं, बाहेर दोन पामची झाडं, चकचकीत फरशी, भाडं पाच-सहा हजार, आणि रात्री काउंटरवर तोच एकटा मुलगा, जो माझ्या लॉजवर होता. तुम्ही महाग हॉटेलचे पैसे देता आणि सेवा लॉजची मिळते. मधली चांगली हॉटेलं असतात, नाही असं नाही, पण ती ओळखायला वेळ द्यावा लागतो. त्यापेक्षा चांगल्यातली चांगली स्वस्त खोली घ्या, नाहीतर खरोखर मोठं हॉटेल एका रात्रीसाठी घ्या.

तशी "हॉटेल"ला मान देण्याची सवय आपल्याला अलीकडची. आपल्या घरांत हॉटेल म्हणजे मिसळ आणि चहा मिळतो ती जागा. मुक्कामाच्या जागेला लॉज किंवा बोर्डिंग म्हणायचे, आणि त्यात कमीपणा नव्हता. लोकमान्य टिळकांनी मुंबईत शेवटचा श्वास घेतला तो क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, १ ऑगस्ट १९२० ला. ते उतारूंच्या मुक्कामाचंच ठिकाण होतं.

ओळखायचं कसं, तर माझी एक जुनी युक्ती. बुकिंगच्या आधी हॉटेलला रात्री अकराच्या पुढे फोन करा. दुपारी सगळेच गोड बोलतात. रात्री फोन कितव्या रिंगला उचलला जातो, उचलणारा झोपेतून उठलाय का, "रात्री वडिलांना बरं वाटेनासं झालं तर डॉक्टर मिळेल का?" या प्रश्नावर तो नाव आणि अंतर सांगतो की "हो हो, सब मिलेगा" म्हणतो, यावरून तुम्हाला जे कळेल ते हजार परीक्षणांतून कळणार नाही. परीक्षणं वाचायचीच तर पाच ताऱ्यांची आणि एका ताऱ्याची सोडा. दोन-तीन तारे देणारा माणूस बहुधा खरं लिहितो. गेल्या तीन महिन्यांतलीच वाचा, आणि हॉटेलने टाकलेल्या फोटोंपेक्षा पाहुण्यांनी काढलेले बाथरूमचे फोटो बघा.

स्वस्त खोली असेल तर पैसे भरायच्या आधी खोली दाखवायला सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही. आत गेल्यावर आधी वास घ्या. मग उशीचा अभ्रा उचलून बघा, नळ सोडा, फ्लश ओढा, आतली कडी नीट लागते का पाहा, खिडकी उघडते का पाहा. दोन मिनिटांचं काम. आवडली नाही तर "दुसरी दाखवा" म्हणा. पहिली दाखवतात ती खोली बहुधा तीच असते जी खपत नाही. मी वर्षानुवर्षं लिफ्टशेजारची आधी दाखवायचो.

आणि ॲपवर भाव बघून झाला की हॉटेलला थेट फोन करा. ॲपवाल्यांना बरंच कमिशन जातं, ते वाचत असेल तर हॉटेल भाव कमी करेलच असं नाही, पण नाश्ता, चांगली खोली किंवा उशिराचं चेक-आउट देतं. मोठ्या हॉटेलात चेक-इनच्या वेळी कार्डवर काही रक्कम अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलंत तर ते पैसे खात्यात परत दिसायला काही दिवस जातात, आणि तेवढ्यात तुमचा गोव्याचा हप्ता चुकतो.

तर तुमच्या चार प्रसंगांत मी हात सैल सोडेन तो आईबाबांच्या एका रात्रीसाठी, आणि गोवा पावसात करणार असाल तर तिथे. कोल्हापूर आणि पुणे आवळा, फक्त गिझर आणि ती नटायची खोली यात काटकसर नको.

आईबाबांच्या वेळी शेवटची एक गोष्ट. खोलीत दोन पाण्याच्या बाटल्या फुकट असतात आणि छोट्या फ्रीजमधल्या वस्तूंचे पैसे पडतात, हे बाबांना आधी सांगा, नाहीतर ते भीतीने फुकटचंही पाणी पिणार नाहीत. फ्रीज रिकामा करून द्यायला सांगितला तरी चालतं. भाव लिहिलेलं कार्ड टेबलावर असेल ते ड्रॉवरमध्ये टाका. सकाळी आईने चादरी घड्या करून ठेवल्या असतील आणि रुमाल धुऊन दिव्यावर वाळत घातला असेल, त्यावर काही बोलू नका. आणि बिल आदल्या रात्रीच, ते दोघं झोपल्यावर, खाली जाऊन चुकतं करा. सकाळी काउंटरवर चष्मा लावून बिल वाचणारे वडील आणि "बाबा, तुम्ही बाहेर गाडीत बसा ना" म्हणणारी मुलगी, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं आहे की शेवटी शेवटी मी अशी बिलं पाकिटात घालून मुलीच्या हातात द्यायला लागलो होतो.